सुतकातला साखरपुडा

तमाम मराठी वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, चेन्नई शहर पोलिसांतल्या एका सहायक आयुक्ताने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, आपल्या नोकरीतल्या सर्वांत नाजूक गुन्ह्याचा तपास चकलीच्या आधारे लावला. हसू नका. ती घटना आजही आठवली की मी खुर्चीतून उठतो आणि घरभर फिरू लागतो. बायको पेपरातून मान वर न करता म्हणते, "आलं वाटतं अण्णा नगर."

मी तंजावरी मराठी. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता घरी बसलो आहे, पण तेव्हा अण्णा नगर विभाग माझ्याकडे होता. एका सकाळी तिथल्या महिला पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टरबाईंचा फोन आला. कुणी एक बाई ठाण्याच्या नंबरवर तमिळमध्ये घाईघाईने बोलली होती. शुक्रवारी अमुक कल्याण मंडपात लग्न आहे. मुलीवर ज्याने जबरदस्ती केली, त्याच्याशीच तिचं लावून देताहेत. मुलीला कुणी विचारलेलं नाही. एवढं सांगून फोन बंद.

"मग मला कशाला?" मी विचारलं.

"सार, ती बोलता बोलता दोनदा 'अगं बाई' म्हणाली. तुमची माणसं दिसतात."

आमचीच होती. मुलगी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आरोपी आमच्या समाजातल्या एका मोठ्या माणसाचा पुतण्या. नावं कुणाचीच सांगणार नाही; त्या मोठ्या माणसाला आपण अण्णा म्हणू, कारण सगळे तसंच म्हणत. बारसं असो, मुंज असो, भाऊबंदांचं भांडण असो, अण्णांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्यामुळे मुलीने घरी सांगितलं तेव्हा तिचे वडील पोलिसांकडे आलेच नाहीत. ते गेले अण्णांकडे.

अण्णांनी समाजातली चार डोकी जमवली, पोथ्या काढल्या आणि निकाल दिला. शास्त्रात आठ प्रकारचे विवाह सांगितले आहेत. त्यातला शेवटचा, सर्वांत हीन, असल्याच कृत्यातून होतो. पण ऋषींनी त्यालाही विवाहच म्हटलं आहे. तेव्हा लग्न लावा, दोष फिटला. मुलगी त्या वेळी आतल्या खोलीत होती. तिला बाहेर बोलावण्याची गरज पाचांपैकी एकालाही वाटली नाही.

इन्स्पेक्टरबाई साध्या साडीत तिच्या ऑफिसवर गेल्या आणि तिला एकटीला भेटल्या. ती तमिळमध्येच बोलली; तिच्या पिढीला मराठी जड जातं. दोन गोष्टी बोलली. तक्रार करायची आहे. आणि, "अक्का, मला त्याच्या घरी पाठवणार नाही ना?"

गुन्हा नोंदवला, वैद्यकीय तपासणी झाली, दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. शुक्रवारचं लग्न बारगळलं. पुतण्या पसार.

आणि मग अण्णांनी त्यांची चाल खेळली. पुतण्याच्या अटकपूर्व जामिनाचा अर्ज आला. त्यासोबत पाच प्रतिष्ठितांची प्रतिज्ञापत्रं: या दोघांचा साखरपुडा, आमच्याकडच्या भाषेत निश्चयतांबूल, कथित घटनेच्या आधीच गोकुळाष्टमीच्या शुभदिनी अण्णांच्या दिवाणखान्यात झालेला आहे, मुलगी राजीखुशीने त्याच्यासोबत होती, पुढे बिनसलं म्हणून खोटी तक्रार. पाचवी सही मुलीच्या वडिलांची होती.

साखरपुडा झाला म्हणजे संमती मिळाली, असं कायदा कुठेही म्हणत नाही. लग्नाची बोलणी झाली म्हणून कुणाला कुणावर हात टाकता येत नाही. पण न्यायालयासमोर जन्मदात्या बापाची सही असली, की सरकारी वकिलाचा चेहरा उतरतो. सुनावणी जवळ येत होती. मी ऑफिसात येरझारा घालत होतो, कॉफीवर कॉफी पीत होतो आणि कॉन्स्टेबल माझ्या वाटेतून खुर्च्या बाजूला करत होते. अर्ज मंजूर झाला असता, तर पुतण्या दुसऱ्याच दिवशी उजळ माथ्याने त्या मुलीच्या दारात उभा राहिला असता, पाठीशी सगळा समाज घेऊन.

एकेकाला बोलावून जबाब घेतले. आरोपीला कसं बोलतं करायचं ते पोलीस शिकतो. प्रतिष्ठिताला कसं, ते कुणी शिकवत नाही. माझं एक निरीक्षण आहे. पढवलेला साक्षीदार मुख्य गोष्ट तंतोतंत सांगतो. त्याला आजूबाजूचं विचारावं. म्हणून मी खाण्यापिण्याचं विचारलं. मला त्यात रसही होता.

"काय केलं होतं हो फराळाला?"

पहिले गृहस्थ खुलले. "गोकुळाष्टमी की सार! मामींच्या हातचे मुरुक्कू. लोण्यातले." मुरुक्कू म्हणजे आपली चकली, आणि मामी म्हणजे अण्णांच्या पत्नी. दुसऱ्यांनाही मुरुक्कू आठवले. तिसऱ्यांना तर अजून चव होती तोंडात. मुलीच्या वडिलांना मात्र काहीच आठवत नव्हतं. ते नुसते आपल्या चपलांकडे बघत होते.

राहिले अण्णा. वयस्क साक्षीदाराचा जबाब त्याच्या घरी जाऊनच घ्यावा लागतो, तसा नियम आहे. गेलो. इन्स्पेक्टरबाई सोबत होत्या. दिवाणखान्यात अण्णा झोपाळ्यावर, कपाळाला गंध, आवाज देवळातल्या घंटेसारखा.

"तांबूल कुणी दिला?" मी विचारलं.

"कोण देणार? मीच. या हातानं. माझ्या हातचा तांबूल नसेल तर आपल्यांत निश्चय होतो कां? तू आपल्यांतलाच ना रे? तुझ्या आईला विचार."

"आणि अष्टमीच्याच दिवशी?"

"अष्टमीच. लिहून दिलंय की."

तेवढ्यात मामी कॉफी घेऊन आल्या. मामी म्हणजे अण्णांच्या पत्नी. पितळी डबरा, म्हणजे कॉफीची पसरट वाटी, माझ्या हातात देताना म्हणाल्या, "साखर कमी आहे, चालेल ना?" तो आवाज ऐकून इन्स्पेक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ठाण्यातल्या फोनवर त्यांनी हाच आवाज ऐकला होता.

मी आपला माझ्या आवडत्या विषयावर आलो. "मामी, तुमच्या अष्टमीच्या मुरुक्कूंची फार कीर्ती ऐकली. सगळे साक्षीदार म्हणतात."

"यंदाच्या?" मामी थबकल्या. "यंदा कुठले मुरुक्कू? घाणाच घातला नाही. बाळकृष्णाची पावलंसुद्धा काढली नाहीत उंबऱ्यापासून. सुतक नव्हतं कां? कुंभकोणमचे चुलत दीर गेले की त्याच आठवड्यात."

झोपाळा थांबला.

वाचकहो, काय झालं होतं ते लक्षात आलं ना? पुतण्याच्या वकिलाला घटनेच्या आधीची एक सुट्टीची तारीख हवी होती, त्याने गोकुळाष्टमी सुचवली आणि अण्णांनी मान डोलावली. कुंभकोणमच्या चुलतभावाशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या जाण्याचं दुःख नव्हतं, नुसतं सुतक होतं. आणि सुतकात अण्णांना करावं लागे ते एवढंच, की झोपाळ्यावर बसून राहायचं. कुठून लक्षात राहणार? ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे मुहूर्त काढले, त्याने स्वतःच्या खोट्याचा मुहूर्त तेवढा पाहिला नाही.

आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. सुतक पाळलं म्हणावं, तर तांबूल खोटा. तांबूल दिला म्हणावं, तर सुतकात शुभकार्य केल्याची जाहीर कबुली. पुढच्या मुंजीला कोण बोलावणार?

अण्णांनी घसा साफ केला आणि तिसरी वाट काढली.

ती सांगण्याआधी बाकीचं उरकतो, कारण या गोष्टीतलं शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्याच्यानंतर बोलायची माझी छाती नाही.

त्याच संध्याकाळी मुलीचे वडील ठाण्यात आले आणि सही दबावाखाली केली असा जबाब देऊन गेले. इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना पाणी दिलं, सहानुभूती दिली नाही. जामीन फेटाळला गेला. पुतण्या मदुरैला एका लॉजमध्ये सापडला. महिला न्यायालयात मुलीने तमिळमध्ये साक्ष दिली, उलटतपासणीत एकदाही आवाज न चढवता. शिक्षा झाली. अपील अजून चालू आहे, आणि म्हणून मी अजून घरभर फिरतो.

मी काय शिकलो? नोकरीभर मी समजत होतो, की धर्माचा नियम आणि कायद्याचा नियम यांची टक्कर होते आणि मधे मुलगी चिरडते. तसं नव्हतं. त्या दिवाणखान्यात नियम दोन होते खरे, पण दोन्ही एकाच पोथीतले. एक पुरुषांसाठी, लागेल तसा वळणारा. दुसरा बायकांसाठी, जराही न वाकणारा. त्या मुलीसाठी शेवटच्या प्रकारचा विवाह सापडला तो पहिल्या नियमात, आणि तिला आतल्या खोलीत बसवलं ते दुसऱ्या नियमाने. पोलिसाने पोथी कशी वाचतात त्यात पडू नये. ती कुणासाठी सैल होते आणि कुणासाठी घट्ट, तेवढं पाहावं.

हे छापू का, म्हणून मामींना विचारायला गेलो होतो. फोनचंही लिहू का, असं विचारलं. म्हणाल्या, "लिही. माझं काय वाकडं करणार आता?"

तर तो दिवाणखाना. अण्णांनी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं आणि तर्जनी वर करून म्हणाले, "हे बघ, आपत्काळात सुतकाचा बाध नसतो. शास्त्रात सोय आहे."

मामींच्या हातातला ट्रे दाणकन टीपॉयवर आदळला.

"सोय होती? मग मला दहा दिवस देवापुढं दिवा का लावू दिला नाहीत हो?"