भिंगात शिरलेली साखर

पांढरकवड्याच्या शाळेत मी सातवीला शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट, साठ-एकसष्ट सालची. वय सव्वीस. त्या हिवाळ्यात तहान अशी लागायची, की वर्गात जाताना मी पाण्याचा तांब्या सोबत न्यायची. पोलकी ढगळ झाली. मग मागच्या बाकावरचे चेहरे पुसट दिसू लागले.

यवतमाळच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळ्या औषधात लघवी टाकून ती तापवली. निळा रंग गेला आणि विटेसारखा लाल गाळ खाली बसला. मधुमेह. रोज इन्सुलिन घ्यावं लागणार होतं. दूरचं दिसायला चष्माही करून घेतला, पण सुया सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत त्याच चष्म्यातून काही दिसेना. तो काढला की बरं दिसे. हेडमास्तरांना हे नाटक वाटलं. "कालपर्यंत चष्मा लागत होता ना, बाई?"

पुढे चष्मा काढूनही दिसेना. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला; या वयात कसा, म्हणून मी त्यांच्याशी भांडलेच. ते शांतपणे म्हणाले, "भिंगाला रक्तवाहिनी नसते. भोवतीच्या पाण्यातून ते साखर घेतं. साखर फार झाली, की जास्तीची आत दुसऱ्या रूपात साचते, बाहेर पडत नाही, पाणी ओढते. भिंग फुगतं, मग गढूळ होतं. असं आता मानतात."

"म्हणजे माझ्या पापाचं फळ नाही?"

"पापाचा काय संबंध?"

मला तेवढंच हवं होतं. गल्लीतल्या बायका दुसरंच बोलत होत्या.

परत आले तर हेडमास्तरांनी टेबलावर कोरा कागद सरकवला. "राजीनामा लिहा. दिसत नसताना शिकवणार कसं?"

"दिसत नाही म्हणता, सर, मग लिहू कसा?"

त्यांनी स्वतःच मजकूर लिहिला आणि सही जिथे करायची तिथे माझं बोट टेकवलं. मी सही न करताच कागदाची घडी करून पिशवीत टाकली. "रजेचा अर्ज उद्या पाठवते," म्हटलं आणि उठले. पायरीवर ठेचकाळले, पण कुणाचा हात घेतला नाही.

घरी माय होती. अक्षरओळख नसलेली. सुईच्या नळीवरच्या रेघा मला दिसत नव्हत्या. तिनं त्या बोटानं मोजायला घेतल्या. "मले वाचता येत नाई, पन रेघा मोजता येतात. दे इकडे." पहिल्यांदा टोचलं तेव्हा तीच रडली. शेजारीण म्हणाली, पोरीले देवीचा कोप झाला. माय म्हणाली, "देवी साखर घालत बसते काय? जा, आपली भाजी पाह्य."

डॉक्टरांनी मात्र डोळ्यांना चाकू लावायला नकार दिला. "एवढ्या साखरेत जखम चिघळेल."

"किती उतरवू?"

"नळीत रंग निळाच राहिला पाहिजे. रोज."

मी गूळ सोडला, भात सोडला, ज्वारीची भाकरी मोजून खाल्ली. सकाळी माय नळी तापवायची आणि रंग सांगायची. विटेचा. मग संत्र्याचा. मग कितीतरी दिवस पोपटी. एकदा ती खोटंच "निळा" म्हणाली. आवाजावरून मी ओळखलं आणि इतकी चिडले, की दिवसभर तिच्याशी बोलले नाही. खरा निळा दिसला तेव्हा उन्हाळा लागला होता.

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. मी मनातल्या मनात सातवीचा पुरा अभ्यासक्रम शिकवून काढला. पट्टी सुटली तेव्हा रंग इतके भडक होते, की खिडकीतलं आभाळ खोटं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "भिंगच काढलंय. आता जाड चष्म्यावर भागवायचं."

शाळा उघडली त्या दिवशी मी जाड चष्मा लावून हजर होते. हेडमास्तर म्हणाले, "पहिलीचा वर्ग घ्या, सोपा जाईल."

"माझा वर्ग सातवीचा."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

मी सातवीत गेले. पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "बाई, तुमचे डोये एवढाले काहून झाले?" वर्ग हसला. मी खडू घेतला, फळ्यावर मोठा डोळा काढला, त्यात भिंग काढलं आणि पोरींना म्हटलं, "वह्या उघडा."