अर्ध्यात तुटलेलं गाणं
तापलेल्या कॉम्प्युटरच्या धुळीचा वास आला की मला नेरूळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला होता आणि तिनं जयंतीला गायलेली भीमगीतं तेवढी दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उरली होती. दादानं त्यात ट्रायलची, म्हणजे काही महिनेच फुकट चालणारी सिस्टीम टाकलेली, तिची मुदत कधी संपली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच स्वतःचं गाणं ऐकायला बसली होती. गाणं ऐन रंगात आलं आणि मशीन आपोआप बंद पडलं. पप्पा घाबरून म्हणाले, “गेली का रे सगळी गाणी?” दादा म्हणाला, “फायली कुठं जात नाहीत, पप्पा. मुदत संपलीय ना, म्हणून तासातासाला बंद पडतंय. चालू करून कॉपी करून घेतो.” तो बटणाकडे वळला, तर आईनं त्याचा हात धरला. काळ्या स्क्रीनकडे बघत ती तुटलेली ओळ पुढं म्हणू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाणी वाचली, आज आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत; पण आईनं ती पुन्हा लावायला सांगितली नाहीत, आणि तिच्यासमोर लावायचा धीर मला अजून झालेला नाही.