अडलं तरच फोन

द्रवरूप हायड्रोजनच्या कारखान्यात त्याला सगळे थंडोबा म्हणत. वीस वर्षं तो उणे दोनशे त्रेपन्न अंशांची टाकी सांभाळत होता, आणि स्वभावही तसाच. अंगावर पाल पडली तरी आधी टाकीचा दाब बघेल, मग पाल झटकेल.

बायको लेकीला घेऊन वेगळी राहू लागली, त्याला सहा वर्षं झाली. रसायनशास्त्रात अडलं तरच लेकीचा फोन येई. टाकीजवळ मोबाइलला बंदी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन फाटकाबाहेर उभा राही. परवा तिचा रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर. पुढे तिचं अडणार कशाला?

फोन वाजला.

"बाबा, द्रव हायड्रोजन उकळतो तेव्हा बंध तुटतो ना?"

"छे गं! रेणू म्हणजे दोन अणूंची जोडी. उकळताना जोडी शाबूत राहते. जोड्याजोड्यांमधली ओढ तेवढी सुटते."

"इतक्या थंडीत सुटते?"

"एवढ्याशा रेणूत इलेक्ट्रॉन दोनच. ओढ असून असून असणार किती? उणे दोनशे एकोणसाठच्या खाली गोठून एकमेकांना धरून बसतात. सहा अंश वाढले की उकळून ज्याची वाट त्याला."

"आणि जोडी कधी तुटते?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण सांगितलं की संपलं.

"ते जरा मोठं आहे. उद्या सांगू?"

"राहू द्या, पुस्तकात बघते."

"थांब, थांब! दोन-तीन हजार अंशांच्या पुढे जोड्या फुटू लागतात."

"एवढंच? यात मोठं काय होतं?" ती हसली. "कळलं. ठेवते हं."

"पेपर झाल्यावर फोन कर."

"कशाला?"

"काही अडलं नसलं तरी कर."

तो कान लावून उभा.

"बरं. रविवारी करते. पण हायड्रोजन नको हं, बाबा. कंटाळा आलाय."

"नावसुद्धा काढणार नाही."

शब्द देऊन बसला खरा. पण मग बोलायचं काय? तिला काय आवडतं? अकराव्या वर्षी चित्रं काढायची. आता काढते का, कुणास ठाऊक.

त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, "लेकीशी काय बोलता हो तुम्ही?"

"मी कुठला बोलतो? तीच मला बोलू देत नाही!"

थंडोबाने मोबाइल त्याच्या हवाली केला आणि डबा न उघडताच आत गेला. आज गुरुवार. हाताशी तीन दिवस होते.