उत्तम गवंडी आणि राहून गेलेलं चौथं कलम

मार्चची नऊ तारीख. अंगणात हळद शिजत होती. सकाळपासूनची तिसरी कढई चुलाणावर चढली होती, वर ओलं बारदान झाकलेलं, आणि मी जाळ सारखा करत बसले होते. माझे मालक वसमतहून आले, गाडी उभी केली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उत्तम गेला. नांदेडात कामावर परांचीवरून पडला." परांची म्हणजे गवंडी उभे राहतात तो बांबूंचा माचा. मी विचारलं, कधी? म्हणाले, काल दुपारी. कामाला आलेल्या बायांनी विचारलं, कोण उत्तम? दुसरी म्हणाली, आपला गवंडी, दुसरा कोण. मी उठले नाही. कढई अर्ध्यावर उतरवता येत नाही. हळद कच्ची राहिली की सगळा माल डागी निघतो. ती कढई उतरवली, चौथी चढवली, तीही शिजवली आणि मग हातपाय धुऊन त्याच्या घरी गेले. रडले नाही. मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

त्र्याण्णवचा भूकंप आमच्याकडे नुसता जाणवला, पडलं काही नाही. पण त्यानंतर दगड-मातीच्या भिंतीखाली झोपायची लोकांना भीती बसली. ज्याच्याकडे दोन पैसे होते त्यानं जुनं घर पाडून सिमेंटचे खांब उभे केले, वर स्लॅब टाकला. आमच्या गावातली अशी निम्मी घरं उत्तमनं बांधली. आमचंही त्यानंच. चार महिने तो रोज आमच्याकडे होता, मी अंगणवाडीतून आले की विटा भिजवल्या का, पाणी मारलं का, यावरून आमचं रोज वाजायचं. गिलावा करताना तो भिंतीशी एकटाच बोलत असे. वाळलेल्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा. पोकळ वाजलं तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा करायचा, कुणी सांगितलं नसताना. पुढे रस्त्यानं जातानाही त्याची ही सवय गेली नाही. ज्या घराजवळून जाईल त्याच्या भिंतीवर एकदा टकटक. आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्यानं बांधली. ती पुरी झाल्यावर तो त्या भिंतीच्या आत कधी आला नाही. बौद्धवस्तीतला माणूस, चहा बाहेर ओट्यावर प्यायचा, आणि आत ये असं आम्हीही कधी म्हटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण शोकसभेत कुणी हे बोललं नाही, तर कुणीतरी लिहिलं पाहिजे.

आता घरपट्टीचं. आमच्याकडे दर चार वर्षांनी ग्रामपंचायत घरांची नव्यानं आकारणी करते. घर मातीचं असेल तर पट्टी कमी, सिमेंटचं असेल तर जास्त, आणि जेवढं बांधकाम मोठं तेवढी जास्त. नियम साधा आहे. पण आमच्या गावात आकारणी रस्त्यावरून व्हायची. पंचायतीचा कारकून आणि दोन सदस्य गल्लीतून चालत जायचे, समोरची भिंत बघायचे आणि लिहायचे. म्हणून आकारणीच्या आधी आठ दिवस मोठ्या घरांतल्या बाया समोरच्या भिंतीला शेण-मातीचा चिखल फासायच्या. सिमेंटच्या गिलाव्यावर, हो. मीही फासला आहे, चारदा, या हातांनी. कारकुनाला आत काय आहे ते ठाऊक असायचं, पण डोळ्यांना माती दिसली की हाताला माती लिहायला सोपं जातं. गावभर खांब उभे राहिले, स्लॅब पडले, फरशा आल्या, आणि पंचायतीच्या वहीत आमचं गाव मातीतच राहिलं. पहिल्या वर्षी मी चिखल फासत असताना उत्तम रस्त्यात थांबला.

"वहिनी, म्या घोटून घोटून गिलावा केला, अन् तुमी त्याला शेण लावून राहिल्या. काहून?"

मी म्हटलं, घर थंड राहतं.

"मंग उन्हाळा समोरच्याच भिंतीला लागतो व्हय?"

मी चिखलाचा पुढचा हात फिरवला. तो हसला आणि गेला. तेव्हा त्यालाही ती थट्टाच वाटत होती.

थट्टा संपली ती त्याच्या आईमुळे. कोंडाबाईला सरकारी घरकुल मिळालं होतं, दोन खोल्यांचं. म्हातारीचा निराधारचा पगार चालू करायचा तर रहिवासी दाखला हवा, आणि दाखला हवा तर सगळी घरपट्टी भरलेली हवी. उत्तम भरायला गेला तर आकडा ऐकून परत आला. वहीतली नोंद त्यानं मागून घेतली. घरकुल सिमेंटचं, म्हणून पक्कं लिहिलेलं, ते बरोबरच. पण म्हातारीचं मागचं अंगण, कोंबड्यांचा खुराडा आणि न्हाणीचा आडोसा हे सगळं धरून बांधकाम लिहिलेलं. वस्तीतली बहुतेक घरकुलं तशीच. दोन खोल्यांच्या कोंडाबाईचं घर कागदावर आमच्या सहा खोल्यांपेक्षा भारी पडत होतं. त्यानं स्वतःची टेप लावून मोजलं, आकडे लिहून नेले. कारकून म्हणाला, वरून मंजूर झालंय. उत्तमनं विचारलं, वरून म्हंजी कुठून, विमानातून मोजलं का? यावर तिथं बसलेले सगळे हसले, पण नोंद बदलली नाही. दाखला मिळेपर्यंत कोंडाबाईचं एक वर्ष गेलं. ती त्या पगाराचे जेमतेम सहा महिने जगली.

त्यानंतरच्या पंचायतीला, म्हणजे दोन हजार सालच्या, तो उभा राहिला. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, परभणीचा फेरा वाचला होता, आणि लोकांना वाटत होतं की आता सगळंच नव्यानं सुरू होईल. आमची गल्ली आणि त्यांची वस्ती एकाच वॉर्डात. तो माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर चांगलं. पत्रक लिहून पाहिजे होतं, वसमतहून झेरॉक्स काढणार होता. मी म्हटलं, रस्ता, नळ, दिवे, काय काय लिहू? तो म्हणाला, ते समदे लिहितात, माझं एकच काम हाय, घरपट्टी. मी म्हटलं, घरपट्टीवर कुणी मत देत नाही. "पट्टी बुडवा म्हणत न्हाई म्या," तो म्हणाला. "गाव चालवायला पैसा लागतोच. पण ज्याचं घर मोठं त्यानं जास्ती द्यावं, एवढं तर लेकराला बी कळतं." मग ओट्यावर बसून त्यानं चार कलमं सांगितली. घर रस्त्यावरून बघायचं नाही, मालकाला समोर उभं करून टेप लावायची. घर जसं असेल तसं लिहायचं, आत कोण राहतं ते बघून नाही, आणि अंगणाला घर म्हणायचं नाही. सगळी यादी ग्रामसभेत नाव घेऊन वाचायची, ज्याला पटली नाही त्याच्याकडे टेप पुन्हा न्यायची. आणि चौथं... सुरुवात त्यानं स्वतः बांधलेल्या घरांपासून करायची.

मी विचारलं, तुझ्याच गिऱ्हाइकांपासून?

"दुसऱ्याच्या भिंतीत काय हाय ते मला काय ठाव? म्या बांधली त्या भिंतीत काय हाय ते मला ठाव हाय. तिथं मला कुणी खोटं सांगू शकत न्हाई."

त्यानं आमच्या भिंतीकडे बघितलं नाही. मी बघितलं.

रात्रभर विचार वगैरे केला नाही मी. दुपारी लिहायला बसले, तीन कलमं लिहिली, खाली त्याचं नाव आणि निशाणी लिहिली, आणि चौथं गाळलं. मालकांनी सांगितलं नव्हतं, सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं. संध्याकाळी तो आला, उभ्यानं वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा, पण तो प्रत्येक शब्द वाचायचा.

"वहिनी, चार सांगितले होते. तीनच आले."

मी म्हटलं, कागद संपला.

त्यानं कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. मग "बराबर" म्हणाला, घडी घातली आणि खिशात ठेवली. दुसरा कुणी असता तर दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं. त्यानं माझाच कागद छापला. मला लाज वाटावी म्हणून की माझ्यावर उपकार म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्या एका कलमाचं काय एवढं, असं कुणाला वाटेल. सांगते. निवडणुकीला चार दिवस राहिले तेव्हा आमच्याच गल्लीतल्या लोकांनी वस्तीत जाऊन सांगितलं की उत्तम निवडून आला तर टेप पहिल्यांदा घरकुलांना लागणार, न्हाणीपासून चुलीपर्यंत सगळं मोजणार, सिमेंटचं घर तुमचंच ना? पत्रकात बघा, टेप लावणार लिहिलंय की नाही? आणि पत्रकात तसंच लिहिलेलं होतं. टेप लावणार, हे होतं. आधी कुणाला लावणार, ते नव्हतं. तो घरोघर फिरून सांगत राहिला, पण हातातला छापील कागद तोंडच्या बोलण्यापेक्षा मोठा ठरतो. दहा-बारा मतांनी पडला, आणि ती दहा-बारा मतं त्याच्या स्वतःच्या वस्तीतली होती. मी मत त्यालाच दिलं. त्यानं काही धुतलं जात नाही.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. त्याला गावात काम मिळणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं, बघू उत्तम, पुढच्या साली. शेजारच्या गावचा गवंडी आणला जाऊ लागला, ज्याच्या भिंती पहिल्याच पावसात ओल धरायच्या. ज्याला आपल्या भिंतीत काय आहे ते ठाऊक आहे आणि जो ते बोलून दाखवतो, त्याला पुन्हा घरात कोण घेईल? तो नांदेडला जाऊ लागला. महिना-महिना तिकडेच, मोठमोठ्या बंगल्यांवर, कमरेला दोर नाही, खाली जाळी नाही. पन्नाशीला आलेला माणूस. गावात खालच्या खालीच त्याला पुरेल एवढं काम होतं; त्याला तिसऱ्या मजल्यावर आम्ही चढवलं.

यंदा संक्रांतीला तो घरी आला होता. पुन्हा आकारणीचं वर्ष, आणि मी सवयीनं भिंतीला चिखल फासून ठेवला होता. मी दारात सुपात तीळ पाखडत होते. तो जाता जाता थांबला, पेरानं टकटक केलं, कान लावला. "आवाज येत न्हाई आता," म्हणाला. मी तीळ दिला, गोड बोल म्हटलं. तो म्हणाला, गोडच बोलून राहिलो वहिनी. आणि गेला. तो शेवटचा.

जलदान विधी झाल्यावर आठवड्यानं पंचायतीनं शोकसभा ठेवली. फोटोला हार, खुर्च्या, माईक. सरपंच म्हणाले, गावाचा हिरा गेला, गाव त्यानं उभं केलं. नव्या सभागृहाला त्याचं नाव देऊ, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. सरपंचांचं घर दोन मजली, समोर गुळगुळीत फरशी; वहीत दगड-माती. हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उत्तमची बायको पुढच्या रांगेत बसली होती, मान खाली घालून. मला बोलायला बोलावलं, अंगणवाडीच्या बाई म्हणून. मी उठले, माईक हातात घेतला आणि तो चांगला गवंडी होता एवढंच बोलून खाली बसले. तिथंही माझा कागद संपला.

घरी येऊन लोखंडी पेटी उघडली. उरलेली पत्रकं तळाशी होती, पिवळी पडलेली. मालकांनी विचारलं, काय शोधतेस? मी सांगितलं, उद्या काय करणार ते. ते म्हणाले, "साऱ्या गल्लीत आपल्या एकट्याचीच पट्टी वाढंल." मी म्हटलं, वाढू द्या. ते म्हणाले, लोक बोलतील. मी म्हटलं, आजवर बोलले नाहीत, तेवढं तरी होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली, जुना खराटा आणि तारेचा ब्रश घेतला आणि समोरची भिंत धुवायला लागले. चार वेळा फासलेला चिखल होता, पापुद्र्यांनी निघत होता. शेजारच्या बायका बघत होत्या, विचारत होत्या, मी हात थांबवला नाही. नऊ वाजेपर्यंत गिलावा उघडा पडला. कुठंही भेग नव्हती. मग हात धुतले, एक पत्रक घेतलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर अर्ज लिहिला: आमचं घर मातीचं नाही, सिमेंटचं आहे, सहा खोल्या, वर स्लॅब, उत्तम गवंड्यानं बांधलं, सुरुवात इथून करा, आणि यादी ग्रामसभेत वाचा. कारकुनानं कागद उलटसुलट केला, मागचं पत्रक वाचलं आणि म्हणाला, बाई, कोऱ्या कागदावर लिहून आणा. मी म्हटलं, हा कोराच होता. पोच घेतल्याशिवाय उठले नाही. सही-शिक्का घेतला, घरी आले, आणि वाळलेली हळद पॉलिशला देण्यासाठी पोत्यांत भरायला बसले.