जिताड्यांची लस

प्रयोगशाळेत चार वर्षं बाटल्या धुतल्या की माणूस स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागतो. ही जमात मी फार जवळून पाहिली आहे. रोज दाढी करताना तीच समोर असते.

माझी थोरली बहीण रेवसजवळ खारपट्टीत राहते. बांधाला खांड पडून खारं पाणी भातात शिरलं आणि शेताचं तळं झालं, तेव्हा तिनं त्यात जिताडे मासे सोडले. तिच्या हातात उरलं होतं ते एवढंच. यंदा शेजारच्या तळ्यातले मासे गरगर फिरू लागले, त्यांचे डोळे बाहेर आले आणि ते पटापट मेले. ताईचा फोन आला, "आपले अजून धड हायेत. काढून विकू का?"

"वेडी आहेस का? स्ट्रेप्टोकॉकस आहे तो. मी लस आणतो."

या जंतूच्या अंगावर प्रथिनं असतात. आमच्याकडे तेवढं प्रथिन वेगळं काढून, तेलात घोटून लस करतात. शत्रूचा अंगरखा माशाच्या शरीराला आधीच दाखवून ठेवला, की शत्रू आल्यावर ते त्याला ओळखून मारतं. चाचणीतून उरलेली एक बाटली मी साहेबांकडून मागून घेतली. "थंड ठेव, पण गोठू देऊ नकोस," त्यांनी बजावलं. हा मला शिकवणार! आमच्या तीन पिढ्या मासळीत गेल्या. भाऊच्या धक्क्यावर पेटीत बर्फ भरला, सवयीनं वर दोन मुठी खडेमीठ मारलं आणि ऐटीत लाँचमध्ये बसलो. मिठानं बर्फ शून्याच्याही खाली जातो, हे मला सातवीपासून पाठ होतं. पोपटालाही बरंच काही पाठ असतं.

रेवसला पेटी उघडली तर बाटलीचा दगड झालेला. उन्हात वितळवली, तर वर तेल आणि खाली दह्यासारख्या गुठळ्या. एखाद्या गाढवानंही तिथे खरं सांगितलं असतं. मी बाटली खळखळवली. ताई जाळ्यानं पागून मासे काढत होती, मी सुया टोचत होतो आणि बांधावर जमलेल्यांना प्रथिनांवर व्याख्यान देत होतो. लोक मला डॉक्टर म्हणू लागले. मी नको म्हणालो नाही.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला, "दोन गरगरतायत."

पहिल्या लाँचनं गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मीठ कशाला रं घातलंस?"

"आपण घालतोच की बर्फावर."

"मेलेल्या म्हावऱ्याला घालतो, शहाण्या! आनि टोचताना ठाव व्हतं तुला?"

"होतं."

तिनं जाळ्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं. मग म्हणाली, "जाळं धर."

दुपारपर्यंत जेमतेम निम्मे धड मासे हाती लागले. ते व्यापारी पडत्या भावात घेऊन गेला. बाकीच्यांना तोवर रोग लागला होता, ते पुरायचे होते. मी खड्डा खणत असताना पलीकडच्या तळ्याचा मालक आला. "डॉक्टर, आमच्याकडे कवा टोचताय?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "खड्डा पुरा होऊ दे त्याचा. तुमचे धड हायेत, आजच विकून टाका."