खुर्च्यांना वाचून दाखवणारे मास्तर

फोन आला तेव्हा मी कसाऱ्याला लेकीकडे होते. तिचं बाळंतपण झालं होतं, मी बाळाला न्हाऊ घालत होते. जावई म्हणाले, "आई, मुरबाडला निघायला पाहिजे." का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शहापूरपर्यंत स्वतःला समजावत राहिले, मास्तर पडले असतील, पाय मोडला असेल... घरासमोर चपलाच चपला दिसल्या आणि कळलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान, प्रभाकर. सगळा गाव मास्तर म्हणायचा, मग मीही तेच म्हणू लागले. निवृत्त झालेला माणूस गप घरात बसतो, पेपर वाचतो. आमच्या मास्तरांनी काय करावं, तर राजेसाहेबांचं चरित्र लिहायला घेतलं. इथलं छोटंसं संस्थान, ते केव्हाच गेलं, पण राजेसाहेब हयात, चांगले खणखणीत. पंच्याहत्तरीला पुस्तक काढायचं म्हणून त्यांनीच बोलावणं धाडलं होतं. "त्यापेक्षा मेलेल्या राजांवर लिहा की, ते काही भांडायला येणार नाहीत," मी म्हणायचे. मास्तर म्हणायचे, "म्हणूनच ते सोपं."

त्यांची एक तऱ्हा होती. पान लिहून झालं की ओटीवर दोन खुर्च्या मांडायचे. एक राजेसाहेबांची, दुसरी त्या पानात ज्याचं काही आलंय त्या माणसाची. दोन्ही रिकाम्या. समोर उभं राहून मोठ्यानं वाचायचे. जे तोंडावर वाचवत नाही ते खरं आहे का, हे पुन्हा तपासायचे. खरं नसेल तर खोडायचे, असेल तर राहू द्यायचे. शेजारी हसायचे. मीही हसायचे, पण खुर्च्या मीच पुसून ठेवायचे.

अडलं ते तळ्याच्या पानावर. दुष्काळाच्या साली राजवाड्याच्या आवारातलं तळं आमच्या वस्तीला खुलं झालं. राजवाड्यात सांगतात, तरुण राजेसाहेबांनी स्वतः फाटक उघडलं. वस्तीत सांगतात, बायका फाटकाशी ठाण मांडून बसल्या तेव्हा राजानं त्यांना मारायला लावलं. त्या बायकांत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, त्यांचा डावा हात तेव्हापासून वर जात नाही. मास्तरांनी दोन्हीकडे खोदून खोदून विचारलं. शेवटी राजेसाहेबच म्हणाले, "मी त्या दिवशी गावात नव्हतो, मास्तर. लोक म्हणत गेले, मी ऐकत गेलो." मास्तरांनी लिहिलं, राजेसाहेब त्या दिवशी गावात नव्हते.

ते जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मार मी खाल्ला ना रे? मंग मला इचार."

"वहिनी, मारलं ते पहारेकऱ्यानं."

"आन पहारेकरी कोनाचा व्हता?"

मास्तर कागद घेऊन उठले. घरी येऊन त्यांनी खाली दुसरं वाक्य घातलं, पहारेकरी राजवाड्याचा होता.

राजेसाहेबांचे चिरंजीव म्हणाले, दुसरं वाक्य काढा, नाहीतर पुस्तक नाही. जाऊबाई म्हणाल्या, पयलं काढ, नायतर तुझ्या दारात पाय ठेवनार नाय. मी चिडले. "एक काढा की हो. कुणीतरी एक तरी आपलं राहील." ते म्हणाले, "निर्मला, दोन्ही खरी आहेत ना?" दोन्ही वाक्यं तशीच राहिली. राजवाड्यानं दुसऱ्या कुणाकडून गुळगुळीत पुस्तक लिहून घेतलं, मुखपृष्ठावर घोडा. जाऊबाईंनी येणं सोडलं. आमच्या ओटीवर माणूस दिसेनासा झाला, खुर्च्या मात्र तिथेच. फार एकटे पडले मास्तर, आणि त्यांच्याबरोबर मीही.

पुण्यानुमोदनाला, मास्तरांच्या शोकसभेला, मात्र दोन्हीकडची माणसं आली. राजवाड्याचा माणूस हार घेऊन आला, म्हणाला, मास्तर शांतपणे गेले. जाऊबाई माझ्याजवळ बसल्या, चांगला हात माझ्या पाठीवर ठेवून म्हणाल्या, "झोपेतच गेला गो, काय कलला पन नाय त्याला." पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. मीही येईल त्याला तसंच सांगू लागले. सांगताना बरं वाटायचं. मास्तरांवरच्या या लेखाच्या शेवटीही लिहून टाकलं, मास्तर शांतपणे गेले.

काल संध्याकाळी ओटीवर एकच खुर्ची मांडली, मास्तरांची. समोर उभी राहून सगळं वाचलं. शेवटच्या वाक्याशी आले आणि वाचवेना. खोडलं, आणि तिथे लिहिलं, मी त्या दिवशी गावात नव्हते.