स्टेबल, बाईंच्या मराठीत

"म्हणजे काय?" असं विचारताना बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. चष्मा वर गेला की समोरच्याने समजावं, आता सुटका नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मी नातेवाईकांच्या काउंटरवर बसतो. तिथे बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. कल्याणच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घरून फोन आला की "जय भीम, बोल" म्हणायच्या आणि दोन वाक्यांत ठेवायच्या. आयसीयूत काय चाललंय ते डॉक्टरांकडून ऐकायचं आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना मराठीत सांगायचं, हे त्यांचं काम. कराराचं, दर सहा महिन्यांनी नवं होणारं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरला जाणारा इंग्रजी शब्द म्हणजे स्टेबल. तुम्हीही आयसीयूच्या दाराशी कधी उभे राहिला असाल तर ऐकला असेलच. डॉक्टर बाहेर येतात, "स्टेबल आहे" म्हणतात आणि निघून जातात. मग बाकावरची माणसं एकमेकांची तोंडं बघतात आणि ज्याला जे हवं ते तो ऐकतो.

बाईंना या शब्दाचा भयंकर राग होता. एका शंभर पानी वहीत त्यांनी त्याचे मराठी अर्थ लिहून ठेवले होते. स्थिर, भक्कम, टिकाऊ, जैसे थे, धरून आहे, उतार नाही की चढ नाही. निम्म्या शब्दांवर लाल काट मारलेली.

"टिकाऊ कढई असते रे. माणसाला टिकाऊ म्हणशील?"

"डिक्शनरीत आहे बाई."

"डिक्शनरीत तबेलासुद्धा आहे. सांग जाऊन बाहेर, तुमचे वडील तबेला आहेत."

माणूस बघून त्या शब्द काढायच्या. नौपाड्यातल्या एका निवृत्त साहेबांना म्हणाल्या, "परिस्थिती जैसे थे आहे." बाळकुमच्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "गाडी चढावर उभी आहे. हँडब्रेक आम्ही ओढून धरलाय. इंजिन अजून चालू व्हायचंय." तो माणूस मटकन खाली बसला, पण त्याला कळलं.

आणि सांगून झालं की परीक्षा. "आता तुम्हाला काय समजलं ते मला सांगा." नातेवाईकांकडून वदवून घेतल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. आम्ही मागून हसायचो, बाईंची तोंडी परीक्षा म्हणायचो. हसणाऱ्यांत मी पहिला.

एके दिवशी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. सकाळी आठला खडवलीकडचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे वडील पाच दिवसांपासून व्हेंटिलेटरवर होते.

"साहेब, आज बहिणीची हलद हाय. ठेवू का पुढं ढकलू?"

आत विचारून आलो. डॉक्टर म्हणाले, स्टेबल. मी बाहेर येऊन म्हणालो, "स्टेबल आहेत. बिनधास्त जा."

त्याचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. आईला घेऊन तो लगेच निघाला.

बारा वाजता बाई आल्या. गाल सुजलेला. रिकामा बाक बघून म्हणाल्या, "खडवलीची माणसं कुठे गेली?"

मी सांगितलं. त्यांनी आत जाऊन कागद पाहिले, डॉक्टरांशी बोलल्या आणि परत आल्या. चष्मा कपाळावर.

"बिनधास्त हा शब्द डॉक्टरांचा की तुझा?"

मी रजिस्टरचं पान उलटलं.

"वदवून घेतलंस त्यांच्याकडून?"

"नाही."

"अरे, त्या मुलीने वडिलांना अजून पाहिलेलं नाही. रडेल म्हणून, मशीन लावायच्या आधी त्यांनीच तिला आणू दिलं नव्हतं. एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत तिला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. आणि आत डॉक्टर म्हणतायत, पुढचे दोन दिवस काहीही होऊ शकतं. फोन लाव."

मी लावत राहिलो. रिंग जायची, कोणी उचलायचं नाही. मांडवात बेंजोवाल्यांची गाणी चालू असणार, खिशातला फोन कुणाला ऐकू येणार? एक वाजला, दीड वाजला. बाई सुजलेल्या गालावर रुमाल धरून माझ्या बोटांकडे बघत होत्या. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

दोनच्या सुमारास मुलीच्या मामाने उचलला.

"सकाळी तू जे बोललास ते आधी सांग," बाई हळूच म्हणाल्या.

मला ते जमलं नाही. "आमच्या बाई बोलतायत," एवढंच म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्पीकर चालू केला.

"हळद लागली?"

"आताच लागली. का वो?"

"मुलीला इथे आणता येईल?"

"हलदीची पोर भायेर काढाची? नाय जमाचा, बाई."

"काढायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला फक्त तिच्याशी बोलू द्या."

बराच वेळ नुसता बेंजो. मग एक बारीक आवाज आला. बाईंनी तिला धीर दिला नाही की घाबरवलं नाही. म्हणाल्या, "तुझे वडील सकाळी होते तसेच आहेत. श्वास मशीन देतंय. मशीन आत्ता काढलं तर ते राहणार नाहीत. बरे होतील की नाही, आज कुणालाच माहीत नाही. तुला काय समजलं ते सांग."

"बाबा हाय," ती म्हणाली. मग थांबून, "हाय तवर मना यावं लागल."

साडेचारला ती आली. माजिवड्याच्या कोंडीत तासभर अडकून, अंगभर पिवळी, वर आईची शाल. बरोबरच्या मावशीच्या हातात, नवरीला दृष्ट लागू नये म्हणून, लिंबू खोचलेली सुरी होती. सिक्युरिटीने सुरी काढून घेतली आणि लिंबू जाऊ दिलं. आयसीयूच्या सिस्टर हळदीवरून कुरकुरल्या, तेव्हा बाईंनी स्वतः तिच्या अंगावर गाऊन चढवला. मी काचेतून बघत होतो. ती बापाचा हात धरून उभी होती. मला रडू आलं आणि मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा त्या रात्री गेला. नाही गेला. चौथ्या दिवशी मशीन निघालं.

आणि तेच बाईंना भोवलं. हळदीची नवरी वेशीबाहेर गेली म्हणून नवऱ्याकडचे बिथरले होते. लग्न लागलं, पण मानपान, रुसवेफुगवे सगळं झालं. मग तिच्या भावाने, त्या सकाळच्याच मुलाने, तक्रार लिहिली: पेशंट स्टेबल असताना बाईंनी आम्हाला मरणाची भीती घातली.

वरच्या ऑफिसात दोघांना बोलावलं. बाईंना विचारलं, तुम्ही काय बोललात? त्यांनी फोनवरचे शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हणून दाखवले. एकही मऊ केला नाही. मग विचारलं, सकाळी नातेवाईकांशी कोण बोललं होतं? बाई गप्प राहिल्या. मीही गप्प राहिलो. बाईंचा करार पुन्हा झाला नाही.

जाताना त्यांनी ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जेवलास का?" एवढंच म्हणाल्या.

नंतरच्या आठवड्यात म्हाताऱ्याला घरी सोडलं. मुलगा व्हीलचेअर ढकलत होता आणि माझी नजर चुकवत होता. म्हाताऱ्याने काउंटरपाशी हाताने थांबवलं. गळ्यातली नळी नुकतीच निघाली होती, आवाज खरखरीत होता.

"ती बाई कुठं हाय? जिनी पोरीला बोलवली?"

 मी म्हणालो, "रजेवर आहेत."

"डोलं उघडत नव्हतं माझं. पन पोरीचा हात लागला तो समजला मना. मंग मी जोर धरला." तो दम घ्यायला थांबला. "बाई आली का सांग तिला. येवढं सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

बाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. या गोष्टीला आठ महिने झाले. मी अजून सांगितलेलं नाही.